अँजिओप्लास्टी-बायपासनंतरची ओपीडी: बीपी, कोलेस्टेरॉल आणि साखर लक्ष्यावर कशी आणायची?

"काका, कसं वाटतंय?"
"बरं आहे, डॉक्टर."
"मग त्याच गोळ्या चालू ठेवा. तीन महिन्यांनी या."

मुंबईतल्या कुठल्याही हार्टच्या ओपीडीबाहेर तासभर बसलात तर हे संभाषण चार-पाच वेळा तरी कानावर पडेल. तक्रार नाही, म्हणून बदल नाही. पण बीपी, कोलेस्टेरॉल किंवा साखर वाढलेली असताना माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, त्यामुळे 'बरं वाटतंय' यावरून काहीच ठरत नाही. फाइल उघडली की दिसतं, वर्षभरापूर्वी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९४ होता, आता ९१ आहे आणि गोळी तीच आहे. अँजिओप्लास्टीने एक अडथळा दूर केला, तो तयार करणारी कारणं मात्र जिथल्या तिथे आहेत.

ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय किंवा बायपास झालीय आणि जे आता ओपीडीच्या फेऱ्या मारतायत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. घरात जो कुणी त्यांची फाइल सांभाळतो, त्याच्यासाठी तर जास्तच. यात सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवरून गोळीचा डोस स्वतः बदलू नका. डॉक्टरांना डोस बदलायचा की नाही हे दोन मिनिटांत ठरवता यावं, एवढी तयारी करून जाणं हे तुमचं काम.

आधी एक इशारा: छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक धाप, यांपैकी काही झालं तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहायची नाही. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर बसून जिभेखाली एक गोळी ठेवा. उभ्याने घेऊ नका, बीपी उतरून पडायला होतं. पाच मिनिटांत आराम पडला नाही किंवा दुखणं वाढलं, तर १०८ ला फोन करा. 'गॅस असेल' म्हणत सोडा पिऊन रात्र काढू नका. आणि लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल जातीची गोळी अलीकडे घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात घेऊ नका. दोन्ही मिळून बीपी धोकादायकरीत्या खाली जातं. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

## टप्पा १: फाइल लावा

बहुतेकांची फाइल म्हणजे एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात डिस्चार्ज कार्ड, चुरगळलेले ईसीजी, तीन वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट आणि गोळ्यांच्या अर्ध्या कापलेल्या पट्ट्या. डॉक्टरांचा निम्मा वेळ त्यातला हवा तो कागद शोधण्यात जातो.

सर्वात वर डिस्चार्ज कार्ड ठेवा, कारण स्टेंट कुठल्या रक्तवाहिनीत, कुठल्या तारखेला बसला हे त्यावर असतं. त्याखाली अँजिओग्राफी आणि २डी इकोचे रिपोर्ट, मग रक्ताचे रिपोर्ट तारखेने लावा, ताजा सर्वात वर. शेवटी जुनी प्रिस्क्रिप्शन्स. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जात असाल तर जुना केसपेपर वेगळा, हाताशी ठेवा. नवीन काढला की मागची नोंद हातची जाते.

ईसीजीच्या गुळगुळीत कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, विशेषतः प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. अटॅकच्या दिवशीचा ईसीजी पुढे कोराच निघतो. त्याची झेरॉक्स आजच काढा आणि मोबाइलमध्ये फोटोही ठेवा.

गोळ्यांची पट्टी कापताना नाव आणि एक्स्पायरीची बाजू शेवटपर्यंत ठेवा. चार रुपेरी तुकडे दाखवून 'ही सकाळची, ही रात्रीची' म्हटलं, तर समोरच्याला काहीही कळत नाही.

## टप्पा २: लक्ष्याचा कागद तयार करा

सर्वात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

लॅबच्या रिपोर्टवर आकड्याशेजारी जी 'नॉर्मल रेंज' छापलेली असते, ती हृदयरोग नसलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून छापलेली असते. एलडीएलपुढे '१०० च्या खाली' असं लिहिलेलं असतं. तुमचा ८८ येतो, ठळक अक्षरात काही नसतं, आणि घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. पण अटॅक किंवा स्टेंट झालेल्या माणसाचं लक्ष्य ५५ च्या खालचं आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनातही हाच आकडा आहे. म्हणजे ८८ हा 'नॉर्मल' नाही, लक्ष्यापेक्षा ३३ ने जास्त आहे.

एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: माझं लक्ष्य, मागच्या वेळी, या वेळी. ओळी अशा:

- एलडीएल: ५५ च्या खाली
- नॉन-एचडीएल: ८५ च्या खाली
- बीपी: बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली
- एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर (मधुमेह असल्यास): साधारण ७ च्या खाली
- कंबर: पुरुष ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रिया ८० च्या आत
- तंबाखू: शून्य

नॉन-एचडीएल रिपोर्टवर नसेल तर स्वतः काढा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा करायचा, बस. एकूण १५०, एचडीएल ३८, म्हणजे नॉन-एचडीएल ११२. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढलेले असतील, आणि आपल्याकडे पोट सुटलेल्या मधुमेहींमध्ये ते वाढलेलेच असतात, तेव्हा हा आकडा एलडीएलपेक्षा जास्त भरवशाचा.

हे आकडे सर्वांना सरसकट लागू नाहीत. ऐंशीच्या घरातल्या, उभं राहिलं की चक्कर येणाऱ्या आजींचं बीपी १२० वर आणायच्या हट्टाने त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तर कमावलं काय? साखरेचंही तसंच. वयस्कर, एकट्या राहणाऱ्या, साखर वारंवार उतरणाऱ्या माणसाचं लक्ष्य डॉक्टर मुद्दाम सैल ठेवतात. म्हणून पहिल्या रकान्यात पेन्सिलीने लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या.

पडताळा: 'माझा एलडीएल किती हवा?' याचं उत्तर घरातल्या किमान दोघांना तोंडपाठ आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: घरी बीपी मोजा, पण नीट

ओपीडीतलं एक रीडिंग फार काही सांगत नाही. दादरचा पूल चढून, रांगेत दीड तास उभं राहून, नंबर पुकारल्यावर घाईघाईत खुर्चीत टेकलेल्या माणसाचं बीपी वाढलेलंच येणार. काहींचं उलट असतं: ओपीडीत छान, घरी वाढलेलं. म्हणून घरच्या नोंदी लागतात.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्ट्याचा आकार पाहा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला चालतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्टा बीपी खोटं वाढवून दाखवतो. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येईल, तोच हात पुढे कायम.

मोजण्याचा क्रम:

१. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवी तुंबवून बसू नका.
२. पाठ टेकून खुर्चीत बसा. पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर नकोत. पलंगाच्या कडेला अधांतरी बसून मोजलेलं चालत नाही.
३. पट्टा उघड्या दंडावर बांधा. सदऱ्याची बाही वर सारून तिचा आवळ बसत असेल तर हात बाहेर काढा.
४. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. खाली लोंबता हात बीपी जास्त दाखवतो.
५. पाच मिनिटं गप्प. मालिका बंद, फोन बाजूला.
६. एक रीडिंग, एक मिनिट थांबून दुसरं. दोन्ही लिहा.

सकाळी गोळ्या आणि चहाच्या आधी, आणि रात्री जेवणाआधी. ओपीडीच्या आधीचे सलग सात दिवस एवढं करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. हीच सरासरी लक्ष्याच्या कागदावर जाते.

चाळीत किंवा जुन्या इमारतीत पहाटे पाणी येत असेल तर पाणी भरून झाल्या झाल्या मोजू नका. दहा बादल्या उचलल्यावर धडधाकट माणसाचंही बीपी चढतं.

नेहमीच्या चुका: आलेला आकडा आवडला नाही म्हणून पाच वेळा मोजून सर्वात कमी आलेला लिहिणं. सगळ्या नोंदी १२०/८० अशा गोल आकड्यांत लिहिणं (मशीन असे आकडे रोज देत नाही, डॉक्टर लगेच ओळखतात). 'डोकं दुखलं की मोजतो' ही सवय. आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणं. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम बंद केली तर छातीत दुखणं उसळून येऊ शकतं.

सात दिवसांत कधी १८०/१२० किंवा त्याहून वर आलं, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा अंधारी असेल तर थेट इमर्जन्सी.

## टप्पा ४: रक्ततपासणी भेटीच्या आधी करा

लोक ओपीडीत जातात, तिथे तपासण्या लिहून दिल्या जातात, रिपोर्ट दोन दिवसांनी येतो आणि तो दाखवायला पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळते. म्हणजे निर्णय तीन महिने लांबला. मागच्या भेटीतच विचारून ठेवा, 'पुढच्या वेळी येताना काय काय करून आणू?' आणि तारखेच्या आठ-दहा दिवस आधी नमुना द्या.

साधारणपणे लिपिड प्रोफाइल, मधुमेह असेल तर एचबीए१सी आणि उपाशी-जेवणानंतरची साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि एसजीपीटी (यकृतासाठी) एवढं लागतं. लिपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, आयुष्यात एकदा तपासलेला असावा. तो आनुवंशिक असतो, पथ्याने हलत नाही, पण वाढलेला असेल तर एलडीएलबाबत डॉक्टर अधिक कडक होतात आणि मुलांचीही तपासणी सुचवतात.

दोन गोष्टी इथे फसवतात. अटॅकच्या वेळी दाखल असताना काढलेलं कोलेस्टेरॉल नेहमीपेक्षा कमी येऊ शकतं. 'माझं कोलेस्टेरॉल तर अटॅकच्या दिवशीही नॉर्मल होतं, मग ही गोळी कशाला?' असं म्हणणारे याच रिपोर्टवर बोट ठेवतात. दुसरं, रक्तक्षय किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर एचबीए१सी चुकीचा येऊ शकतो. घरच्या ग्लुकोमीटरशी तो जुळत नसेल तर डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

तपासणीआधी चार दिवस उकडलेल्या भाज्या खाऊन रिपोर्ट चांगला आणायचा प्रयत्न करू नका. कोलेस्टेरॉलची गोळी थांबवून 'खरा आकडा' पाहायला जाऊ नका. गोळी चालू असताना काय येतं, तेच तर पाहायचंय. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशी नमुना देऊन झाल्यावर, खाण्यासोबत.

आणि दर भेटीला 'एकदा इको करून घेऊ या का?' म्हणून मागे लागू नका. इको हृदयाची ताकद दाखवतो, वाहिन्यांच्या भिंतीत पुढच्या पाच वर्षांत काय साचणार हे नाही. एलडीएल तपासायला खर्च कमी येतो आणि उपयोग जास्त होतो, पण इकोत मशीन असतं, स्क्रीन असते, लोकांना तेच 'खरं चेकिंग' वाटतं.

## टप्पा ५: गोळ्यांचा हिशेब

सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडा. प्रत्येकीच्या मागचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा, ब्रँडचं नाही. चार ओळींत वाटणी करा: रक्त पातळ ठेवणाऱ्या (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर), कोलेस्टेरॉलच्या (ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, एझेटिमाइब), बीपी-हृदयाच्या (मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन, रामिप्रिल वगैरे) आणि साखरेच्या.

एकच औषध दोनदा तर नाही ना? हे फार वेळा सापडतं. एका कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन तिन्ही असतात, आणि माणूस जुन्या पट्टीतलं ॲस्पिरिन वेगळंही घेत असतो. किंवा केमिस्टने दुसरा ब्रँड दिला, घरात पहिलाही शिल्लक, दोन्ही चालू. जनऔषधी केंद्रातून घ्यायला हरकत नाही, पैसे बरेच वाचतात, फक्त घटक आणि मिलिग्रॅम जुळवा.

स्टेंटची तारीख. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: स्टेंट कधी बसला, रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या कधीपर्यंत. अटॅकनंतर साधारण बारा महिने दोन्ही चालतात, काहींना कमी, काहींना जास्त. मधेच थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. दात काढायचाय म्हणून दातांच्या डॉक्टरांनी 'पाच दिवस बंद करा' म्हटलं, तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारा. साधा दात बहुधा गोळ्या चालू ठेवूनच काढता येतो.

पट्ट्या एकदम संपत नाहीत. कुठली १० ची, कुठली १४ ची, कुठली १५ ची. संपेल तशी आणू म्हटलं की दर महिन्यात कुठली तरी गोळी दोन-तीन दिवस चुकते. महिन्यातून एक दिवस ठरवा आणि सगळ्या गोळ्यांचा साठा किमान ३५ दिवसांचा करा.

लघवीची गोळी आणि लोकल. बायका ही गोळी सर्रास चुकवतात आणि सांगत नाहीत. विरारहून चर्चगेटला जायचं, लोकलमध्ये सोय नाही, स्टेशनवरचं स्वच्छतागृह वापरवत नाही, म्हणून बाहेर जायच्या दिवशी गोळीला सुट्टी. डॉक्टर समजतात की गोळी लागू पडत नाही, आणि डोस वाढवतात. हे उघड बोला. पुष्कळदा वेळ बदलून, घरी परतल्यावर घेऊन भागतं.

स्टॅटिनने (ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन या गोळ्यांनी) पाय दुखतात अशी तक्रार असेल तर गोळी बंद करण्याआधी कळवा. डोस कमी करणं, गोळी बदलणं, सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासणं असे मार्ग असतात. दुखणं खूप असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल तर मात्र लगेच दाखवा.

गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. या गोळ्या बीपी चढवतात, मूत्रपिंडाला त्रास देतात, पोटात रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातच अडथळा आणतं. सर्दीच्या गोळ्यांमधलं फिनाइलएफ्रिन बीपी वाढवतं. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही सांगा, त्याने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं.

## टप्पा ६: तंबाखू

'सिगारेट ओढता का?' 'नाही.' इथे प्रश्न संपतो आणि मिश्री, चुना-तंबाखू, मावा, बिडी, सगळं सुटतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या घेऊन हातावर मिसळल्या की तोच गुटखा. सकाळी दात घासायला मिश्री लावणाऱ्या आजींना ती तंबाखू वाटतच नाही. सगळं मोजा.

'कमी केलंय' याला इथे किंमत नाही, पूर्ण सोडायचं. तारीख ठरवा. कुठल्या वेळी हात पुडीकडे जातो ते लिहा: जेवणानंतर, चहासोबत, शिफ्ट सुटल्यावर स्टेशनबाहेर. प्रत्येक वेळेसाठी पर्याय आधीच ठरवा, आणि तो सुपारी नको. पहिले काही दिवस चिडचिड, झोप न लागणं, बेचैनी असतेच. दोन ते चार आठवड्यांत उतरते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. निकोटिन गम डॉक्टरांना विचारून.

चूक: अटॅकनंतर महिनाभर सोडली, मग मित्राच्या हळदीला 'एकच'. पुन्हा सुरू झाली तर ओपीडीत लपवू नका, नवी तारीख धरा.

## टप्पा ७: स्वयंपाकघर

पथ्य ऐकायला मुलगा येतो आणि स्वयंपाक आई किंवा सूनबाई करते. मुलगा घरी जाऊन सांगतो, 'तेल-मीठ कमी करायला सांगितलंय.' संपलं. जो स्वयंपाक करतो त्यालाच सोबत आणा.

तेल मोजायचा सोपा मार्ग म्हणजे महिन्याचा वाणसामान पाहणं. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर, चौघांच्या घरात दोन लिटर. पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर कुठलं तेल 'हार्टला चांगलं' ही चर्चाच फोल आहे.

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. भाजीतलं मीठ लोक कमी करतात आणि बाजूला लोणचं, पापड, शेवेची चटणी चालू ठेवतात. सुकट, खारा बोंबील, फरसाण, वडापाव, खारी-टोस्ट, फ्रूट सॉल्टचा सोडा हे सगळं मिठाच्या हिशेबात धरा. ताजा बांगडा कालवणात उत्तम, रवा लावून तळलेला नको. 'लो सोडियम' मीठ परस्पर सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार. उपास म्हणजे हलकं खाणं असं कागदावर असतं, ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स असतात. मधुमेह असून ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर गोळी घेऊन उपाशी राहण्यात साखर उतरून बेशुद्ध पडायचा धोका आहे. सण यायच्या आधीच्या भेटीतच विचारून घ्या.

## टप्पा ८: चालणं

लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं, पण तिथे हळूहळू पोचायचं. पहिल्या आठवड्यात सपाट जागी पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, मग दर काही दिवसांनी थोडी वाढ. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, हा वेग बरोबर. हृदय पुनर्वसनाची सोय तुमच्या रुग्णालयात असेल तर आधी तिथे नाव घाला.

शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्ह जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर इमारतीची गच्ची, चाळीची गॅलरी, पावसाळ्यात स्टिल्ट पार्किंग. जेवल्या जेवल्या किंवा मे महिन्याच्या उन्हात नको.

बायपास झालेल्यांनी छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण सहा ते बारा आठवडे, पाण्याची भरलेली बादली, गॅस सिलिंडर, प्रवासी बॅग उचलायची नाही. लोकलमध्ये वरचं हँडल धरून लोंबकळणंही यातच येतं. कामावर परत जाताना पहिले काही आठवडे गर्दीची वेळ टाळता येईल का, हे ऑफिसात विचारा. लागलं तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्या.

चालताना छातीत दाब आला तर थांबा, बसा, आणि वर सांगितलेला इशारा लागू करा.

## टप्पा ९: ओपीडीचा दिवस

सकाळच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्या. 'डॉक्टरांना खरं बीपी कळावं' म्हणून गोळी न घेता येणारे बरेच असतात. मग बीपी वाढलेलं येतं आणि नको ती जादा गोळी गळ्यात पडते. नाश्ता करून या.

केईएम, नायर, सायन, जे. जे. यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत प्रत्येक युनिटचा वार ठरलेला असतो. आपल्या युनिटच्याच वारी जा, नाहीतर तुमची केस ठाऊक नसलेल्या डॉक्टरांपुढे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

खुर्चीत बसल्यावर गेल्या तीन महिन्यांची कहाणी सुरू करू नका. लक्ष्याचा कागद पुढे ठेवा आणि सरळ सांगा: 'एलडीएल ८२ आहे, घरच्या बीपीची सरासरी १३८/८४, गोळ्या इतक्या वेळा चुकल्या.' चुकलेल्या गोळ्या खऱ्या सांगा, बाकीचे निर्णय त्यावरच उभे असतात. मग विचारा:

१. माझं लक्ष्य हेच का?
२. मी तिथे नाही, तर आज काय बदलायचं?
३. बदल केल्यावर पुन्हा कधी तपासायचं?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा, आणि त्यामागचं गणित माहीत असलेलं बरं. ॲटोरव्हास्टॅटिन ४० वर एलडीएल ८२ असेल, तर डोस दुप्पट केल्याने साधारण आणखी ६ टक्केच उतरतो, म्हणजे ७७ च्या आसपास. त्याऐवजी एझेटिमाइब जोडली तर साधारण २० टक्के, म्हणजे ६५-६६. दोन्ही मिळूनही ५५ गाठलं नाही तर पुढे इंजेक्शनचे पर्याय आहेत, ते महाग आहेत, पण नावाजोगी उतरण देतात. 'दुसरी गोळी जोडण्याचा काही उपयोग होईल का?' असं विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. डॉक्टर नाही म्हणाले तर कारण विचारा, कारण असतंच.

बाहेर पडण्याआधी, केमिस्टकडे नव्हे तर ओपीडीच्या बाकावरच, जुनं आणि नवं प्रिस्क्रिप्शन शेजारी धरून वाचा. काय नवं, काय बंद, कशाचा डोस बदलला. शंका असेल तर तिथेच परत आत जा. जुन्या प्रिस्क्रिप्शनवर आडवी रेघ मारा, नाहीतर महिन्याभराने कुणीतरी तेच घेऊन दुकानात जातं.

पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्यायची का, आणि घोरण्यामुळे झोपेत श्वास अडकतो का, हे दोन विषयही याच भेटीत काढा. अटॅकनंतर दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही सांगायची जागा हीच.

## टप्पा १०: पुढची तारीख येईपर्यंत

कोलेस्टेरॉलची गोळी बदलली असेल तर चार ते सहा आठवड्यांनी लिपिड पुन्हा. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन नव्याने सुरू झाली वा वाढली असेल तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. बीपीची गोळी बदलली असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घरच्या नोंदींचा आणखी एक आठवडा. लक्ष्य गाठलं की लिपिड सहा महिन्यांनी किंवा वर्षाने चालतं, एचबीए१सी तीन ते सहा महिन्यांनी.

हृदयाची ताकद कमी असलेल्यांनी रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाआधी वजन घ्यायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पायांवर सूज चढली, तर अंगात पाणी साठतंय असं समजून तारखेआधीच फोन करा. जुलाब-उलट्या लागल्या, ताप येऊन खाणं-पिणं बंद झालं, तर लघवीची, बीपीची आणि साखरेची कुठली गोळी तात्पुरती थांबवायची हे त्याच दिवशी विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या त्यात धरू नका.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन खुणा करा: रक्त द्यायचा दिवस, सात दिवसांच्या बीपीची सुरुवात, आणि ओपीडीची तारीख. गोळ्या आणायच्या ठरलेल्या दिवसाची खूण दर महिन्याला, ती वेगळी.